पुसलेले दिवे

१

आमच्या घरी गाड्या दोन आणि पोर्च एक. पोर्चमध्ये माझी गाडी असायची, कारण मी थोरली. धाकट्या जावेची, निहारिकाची, फाटकाच्या आत पण उघड्यावर. हा मान मला सासऱ्यांनी, म्हणजे बापूंनी, आपणहून दिला होता. निहारिकाची गाडी नवी आली त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की पोर्च कल्पनाचं, तिची गाडी बाहेर राहता कामा नये. मी इतकी फुगले की त्या दिवशी त्यांना दोनदा चहा करून दिला.

मग डिसेंबर आला आणि त्या मानातली हवा निघून गेली.

उज्जैनला काही बर्फ पडत नाही. पण थंडीत काही पहाटा अशा येतात की आमच्या फ्रीगंजच्या गल्लीतला समोरचा दिव्याचा खांबसुद्धा दिसत नाही, आणि उघड्यावरच्या गाडीवर दव इतकं जाड बसतं की बोटाने नाव लिहावं. निहारिका देवासला औषधांच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे, ती सहाला निघते. तिचा नवरा आल्हाद बँकेच्या नोकरीत जबलपूरला असतो. मी सव्वासहाला निघते, आगर रोडने घट्टियाच्या पुढच्या शाळेत गणित शिकवायला. तर साडेपाचला बापू उठायचे, माकडटोपी चढवायचे, आदल्या दिवसाच्या हिंदी पेपरची दोन पानं घेऊन बाहेर जायचे आणि निहारिकाच्या गाडीचे पुढचे दोन दिवे पुसायचे. आधी ओल्या पानाने, मग कोरड्या पानाने, शेवटी काचेवर तोंडाने हा करून मफलरच्या टोकाने. कागदाचा काचेवर किर्र किर्र आवाज व्हायचा. मी स्वयंपाकघरात डबे भरत असायचे. तो आवाज खिडकीतून यायचा आणि तव्यावरची पोळी करपायची.

माझे दिवे त्यांनी कधी पुसले नाहीत. एकदाही नाही. कबूल, पोर्चमधल्या गाडीवर दव पडत नाही. गणित शिकवते, एवढं मला कळतं. पण धूळ तर पडते ना?

बापू रेल्वेत होते. वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. थंडीत शेडमधून इंजिन काढण्याआधी पुढचा मोठा दिवा पुसायचा, ही त्यांची तेव्हापासूनची सवय. सासूबाईंच्या लुनाचा दिवाही ते असाच पुसायचे म्हणे. सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या आधी एका जानेवारीत त्या सकाळच्या शाळेवर शिकवायला निघाल्या. लुना रस्त्याच्या कडेला नीट स्टँडवर लावलेली सापडली, इंजिन चालू, दिवा चालू. त्या स्वतः दोन शेतं सोडून सापडल्या. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. घरात त्यावर कोणी बोलत नाही. माझा नवरा अभिजीत एवढंच सांगतो की बापूंचा आईवर फार जीव होता, तिचा दिवा ते रोज स्वतः पुसायचे.

म्हणजे ज्याच्यावर जीव, त्याचा दिवा पुसायचा. हिशेब सोपा होता आणि त्यात माझ्या वाट्याला शून्य येत होतं.

२

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पोर्चमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. त्यामुळे माझी गाडी रात्रभर निहारिकाच्या गाडीशेजारी उघड्यावर राहिली. रात्री धुकं उतरायला लागलं तेव्हा मला मनातून उकळ्या फुटत होत्या. आता बघू, म्हटलं, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचेच दिवे कसे पुसतात ते.

सकाळी बाहेर आले. निहारिकाचे दिवे लख्ख. माझ्या दोन्ही दिव्यांवर खाकी कापडाच्या पिशव्या चढवून नाड्यांनी घट्ट बांधलेल्या होत्या. बापूंच्या जुन्या युनिफॉर्मचं कापड होतं ते, हाताने शिवलेलं, माझ्या दिव्यांना अगदी मापात. म्हणजे हे काही रात्रीतून सुचलेलं नव्हतं. माणसाने बसून, चष्मा लावून, माझ्या दिव्यांसाठी बुरखे शिवले होते.

बापू पायरीवर बसून हात शेकत होते. तिचे पुसले आणि माझे झाकले, हे काय म्हणून, असं मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"तुझे नको," बापू म्हणाले. "तुझे राहू दे."

"का? मला काय कमी लांब जायचं असतं?"

"घरातून एक बत्ती साफ निघाली ना, तर बस. एक पुरे." मग म्हणाले, "बत्ती आपल्याला रस्ता दिसावा म्हणून नसते, कल्पना. आपण दिसावं म्हणून असते."

मी एवढाच अर्थ घेतला की निहारिका दिसली पाहिजे, मी नाही दिसले तरी चालेल. त्या पिशव्या मी ओरबाडून काढल्या आणि माळ्यावर फेकल्या. हा अपमान मी निहारिकालाही ऐकवला, शब्दन् शब्द, तिच्या तोंडावर. ती बिचारी कावरीबावरी झाली, आणि तिला बिचारी म्हणावं लागतं याचाही मला राग आला.

३

बापू मागच्या दिवाळीनंतर गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांना माणसं नीट ओळखू येत नव्हती, पण रोज पहाटे ते धुक्याचं एकच विचारायचे, "कोहरा पडला का? गाडी आत आहे ना?" मी म्हणायचे, तुमच्या लाडक्या सुनेची गाडी आत कशी असेल, ती तर बाहेरच असते. हे मी त्यांना बोलले, हे लपवण्यात अर्थ नाही.

ते गेल्यावर हिंदी पेपर बंद केला, कारण वाचायला कोणी नव्हतं. पहिलं दाट धुकं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पडलं. मी पोळ्या लाटत होते आणि कान सवयीने खिडकीकडे होते. तो आवाज आला. किर्र किर्र, थोडा वेळ थांबून पुन्हा किर्र किर्र.

मी गॅस बंद करून बाहेर आले. अंगणात कोणी नव्हतं. निहारिकाची गाडी टपापासून चाकांपर्यंत दवाने पांढरी झाली होती आणि पुढचे दोन दिवे तेवढे कोरडे, स्वच्छ. खाली कागदाचा बोळा नाही, ओली पावलं नाहीत.

मी मनात म्हटलं, वा गं वा. सासरे गेले तरी लाड संपले नाहीत, हे मला दाखवायला स्वतःच पुसतेय. तेवढ्यात निहारिका किल्ली घेऊन आली. दिवे पाहून ती पायरीवरच थांबली. मग गाडीच्या पुढून न जाता मागून वळसा घालून ती दारापाशी गेली आणि खाली मान घालून बसली. किती नाटकी आहे, असं वाटलं मला. ती गेल्यावर मी पोर्चमध्ये जाऊन माझे दिवे पाहिले. धुळीने पिवळट झाले होते.

४

पुढचे आठ दिवस हेच. धुकं असेल त्या सकाळी तिचे दिवे पुसलेले, धुकं नसेल तर नाही. निहारिका पाच पन्नासच्या आत खोलीबाहेर येत नाही, हे मी दोनदा खात्री करून घेतलं. मग उरलं कोण?

घरात तिसरं माणूस एकच. हा विचार आला तशी माझी झोप गेली. मी अभिजीतच्या शेजारी डोळे मिटून पडून राहायचे, आणि तो उठतो का याची वाट बघायचे. थोरली म्हणून मला मान आणि दिवे पुसायला धाकटी, असं मनात घोळायचं. अभिजीत आपला घोरत असायचा. एका पहाटे तो घोरत असतानाच बाहेर किर्र किर्र सुरू झालं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि नंतर ते वाटणं फार वेळ टिकलं नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, दिव्याचं प्लास्टिक गरम राहतं, त्याच्यावर दव धरत नाही, सिंपल आहे. रात्रभर बंद असलेला दिवा कशाने गरम राहणार, हे मी विचारलं. तर म्हणाला, "तू आता दिव्यांवर पण जळायला लागलीस का?" आणि टावर चौकातून पोहे आणायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातला दिवा लावलाच नाही. अंधारात खिडकीशी उभी राहिले. गल्लीच्या खांबाचा पिवळा उजेड धुक्यातून निहारिकाच्या गाडीच्या तोंडावर पडत होता. दोन्ही दिवे दवाने आंधळे झालेले मला नीट दिसत होते. साडेपाच वाजले. आवाज सुरू झाला, आणि उजव्या दिव्यावरचं दव मधूनच गोल गोल विरायला लागलं. आधी रुपयाएवढं, मग वाटीएवढं, मग सगळं. पुसणारं कोणी नव्हतं. उजवा झाला, आवाज थांबला, आणि तीन पावलं चालायला लागावा तेवढा वेळ गेल्यावर डाव्याला सुरुवात झाली.

सगळं थांबल्यावर मी बाहेर गेले आणि काचेवर तळहात ठेवला. हवेत हाडं गोठत होती, पण काच कोमट होती. नुकताच कोणी तिच्यावर तोंडाने हा केला असावा, इतकी कोमट.

एखादी शहाणी बाई किंचाळली असती. मी तिथे थंडीत उभी राहून रडले. मेल्यावरसुद्धा तिचेच? वरून यायचं, एवढ्या लांबून यायचं, आणि पोर्चमधल्या माझ्या गाडीकडे ढुंकूनही न बघता जायचं?

५

जानेवारी लागला तशी निहारिका वाळत चालली. जेवायची नाही, संध्याकाळी येऊन नुसती बसायची. देवासचं पाणी बाधतंय, असं मी शेजारपाजारी सांगत होते.

एका संध्याकाळी मी गच्चीवरून कपडे काढत होते. निहारिका अंगणात आली, तुळशीच्या कुंडीतली ओली माती तिने मुठीत घेतली आणि आपल्या गाडीच्या दिव्यांना थापली. दोन्ही दिवे तिने चांगले सारवून काढले. मग तिने वर पाहिलं आणि मी दिसले.

मी खाली आले ती भडकूनच. एवढा तोरा कशाला, म्हटलं. मुद्दाम घाण करून ठेवायचं आणि सकाळी सगळ्यांना दाखवायचं की बघा, माझे कसे पुसले जातात. मला काय दिसत नाही?

"तुम्हाला माहीत आहे?" निहारिका म्हणाली. तिचे हात मातीचे होते आणि ते तिने पुसले नाहीत. "वहिनी, मग तुम्हीच काहीतरी करा ना. धुक्यात मला काही दिसत नाही. मी दिसते."

"कुणाला?"

"ते नाही माहीत. पण रोज जरा जास्त दिसते."

मी ते ऐकलं, आणि माझ्या कानांना जे ऐकायचं होतं तेच ऐकलं. बापू तिला वाटेत सोबत करतात. मेलेल्या माणसाने इतकं करावं आणि या बाईने त्याची तक्रार करावी! मी म्हटलं, तुला एवढा त्रास आहे तर जागा बदलू. उद्यापासून तू पोर्चमध्ये लाव, मी बाहेर लावते.

तिच्या चेहऱ्यावर आशा आली ती मला दिसली, आणि तिने ती दाबली तेही दिसलं. म्हणाली, "नका हो वहिनी. तिथे नका लावू. बापूंनी तुम्हाला कशाला आत ठेवलं असेल, काहीतरी असेल ना."

"का? फक्त तुझेच दिवे पुसायला हवेत?"

ती आत गेली आणि किल्ली घेऊन आली. मी माझी बाहेर काढली आणि पाच मिनिटांत तिची गाडी पोर्चमध्ये होती. गाडीतून उतरल्यावर ती बराच वेळ दाराला धरून उभी होती. पोर्च मिळालं म्हणून एवढा आनंद, असं मी मनात म्हटलं. थोरलीने आपला मान उचलून धाकटीला दिला, असं आमच्या घराण्यात पहिल्यांदाच झालं असेल.

६

दुसऱ्या दिवशी पहाटे धुकं इतकं होतं की खिडकीतून गाडीच दिसत नव्हती. मी लाटणं हातात धरून उभी होते. किर्र किर्र. मी बाहेर धावले. माझी गाडी पांढरी झाली होती आणि पुढचे दोन दिवे लख्ख. ते पिवळट पडलेले, कित्येक वर्षं कोणी न पुसलेले माझे दिवे काचेच्या नव्या पेल्यासारखे झाले होते. मी त्यांना हात लावला. कोमट. मी तिथेच वाकून नमस्कार केला आणि बापू, उशिरा का होईना, असं काहीतरी पुटपुटले. इतकी खूश मी लग्नातसुद्धा नव्हते.

आगर नाक्यापर्यंत सगळं ठीक होतं. पुढे वस्ती संपली आणि धुक्याची भिंत झाली. मी वीसच्या वेगाने चालले होते. दिव्यांचा उजेड पुढे जाऊन त्या पांढऱ्यावर थापला जात होता.

घट्टियाच्या अलीकडे आवाज आला. मला आधी वाटलं वायपर चालू राहिला. वायपर बंद होता. काचा वर होत्या. आवाज गाडीच्या पुढून येत होता, आणि पेपरचा काचेवर होतो तसाच होता.

मग ते मी पाहिलं. समोरच्या धुक्यात, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक रुपयाएवढी जागा स्वच्छ झाली. ती गोल गोल फिरत वाढली, वाटीएवढी झाली, ताटलीएवढी झाली. वाफ धरलेली काच आपण हाताने पुसतो, तसं कोणी तरी धुकं पुसत होतं. पलीकडून पुसत होतं. त्या गोलात रस्ता नव्हता, झाड नव्हतं, नुसतं काळं होतं. माझी गाडी पुढे जात होती आणि तो गोल तेवढ्याच अंतरावर राहत होता.

मग पुसणं थांबलं. गोल तसाच राहिला.

काच आपण कशासाठी पुसतो? पलीकडचं बघायला.

मी दिवे बंद केले. मागून ट्रक भोंगा वाजवत आला, तो मला घासून जाईल असं वाटलं, म्हणून पुन्हा लावले. गोल होता. शाळेच्या फाटकाशी पोहोचेपर्यंत तो होता. फळ्यावर मी त्या दिवशी एक सोपी बेरीज चुकवली आणि पोरं हसली.

७

धुकं सगळीकडे सारखं नसतं. कुठे दाट, कुठे विरळ, आणि दिव्याच्या उजेडात विरळ जागा काळी दिसू शकते. हे मी स्वतःला दोन दिवस समजावलं. तिसऱ्या दिवशी तो गोल परातीएवढा होता आणि जवळ आला होता.

मी काय काय केलं ते सांगते. संध्याकाळी तुळशीची माती दिव्यांना थापली. सकाळी दिवे लख्ख, माती चाकापाशी वाळून पडलेली. गाडी दोन गल्ल्या सोडून लावली. तिथेही तेच. एक दिवस बसने गेले आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. नाक्यापाशी तो कंडक्टरला म्हणाला, "आज बत्ती किसने पोंछ दी यार, एकदम नई लग रही है." आगर रोडला लागल्यावर समोर किर्र किर्र सुरू झालं. बसमध्ये पन्नास माणसं होती, डबे घेऊन पेंगत होती. मी मध्येच उतरले आणि चालत परत आले.

मग रजा घेतली. मी घराबाहेरच पडत नाही, म्हटलं, बघू काय करतं. त्या पहाटे आवाज आला तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाकडून. अभिजीतची मोटरसायकल तिथे प्लास्टिकच्या कव्हराखाली असते. कव्हर तसंच होतं, बांधलेलं. मी ते वर केलं. दिवा स्वच्छ, कोमट.

एक पुरे, असं बापू म्हणाले होते. एक तरी लागतेच, असा त्याचा अर्थ होतो हे मला त्या कव्हराचं टोक हातात धरून उभी असताना कळलं. मी धावत जाऊन माझ्या गाडीत बसले, दिवे लावले आणि रजा असताना शाळेपर्यंत जाऊन आले. मोटरसायकलच्या दिव्यावर नंतर दव बसलेलं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी सगळा हिशेब पुन्हा मांडला. सासूबाईंचा दिवा बापू रोज पुसायचे, आणि साफ दिव्यामुळे माणूस त्या पलीकडच्याला दिसतं, हे बहुधा तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. नंतर माहीत झालं. मग घरात दोन सुना आल्या, दोन गाड्या आल्या. एक त्यांनी उघड्यावर ठेवली आणि तिचे दिवे पुसत राहिले. दुसरी त्यांनी पोर्चमध्ये घातली, आणि एक रात्र बाहेर राहिली तर युनिफॉर्म फाडून तिचे दिवे झाकले. मरतानासुद्धा विचारत होते, गाडी आत आहे ना. माझी गाडी. निहारिकाशी ते असं कसं वागू शकले, हा विचार मला यायला हवा होता. तो आला, पण दुसरा आला. पहिला आला तो हा, की त्यांची लाडकी मी होते.

संध्याकाळी मी निहारिकाकडे पोर्च परत मागितलं. ती गाणं गुणगुणत मटार सोलत होती. तिच्या गालांवर पुन्हा रंग आला होता. मी सगळं सांगितलं, मोटरसायकलचंसुद्धा. ती सोलत राहिली आणि मग तिचे हात थांबले.

"मी सांगितलं होतं ना वहिनी, नका लावू म्हणून."

"सांगितलं होतंस."

"मग आता राहू दे ना." ती रडत होती, पण आवाज सरळ होता. "तुम्हीच मला सांगितलं होतं, बापू म्हणायचे एक पुरे."

तिच्या जागी मी असते तर मी काय केलं असतं, हे मला माहीत आहे. म्हणून मी भांडले नाही. अभिजीतला सांगितलं तर तो म्हणाला, दोघी जावा पोर्चवरून भांडता, लोक हसतील.

८

आज सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मी गाडीत बसले आहे. काल तो गोल दाराएवढा झाला होता, खालून रस्त्याला टेकला होता, आणि गाडीच्या नाकापासून दहा हातांवर होता. काल पहिल्यांदाच मला त्या काळ्यात काही तरी हललेलं दिसलं. खालच्या बाजूला, धुक्याच्या कडेवर, आतून पाच बोटं टेकली होती. दार लोटायच्या आधी टेकतात तशी. मी डोळे मिटले आणि ब्रेक दाबला. उघडले तेव्हा गाडी शाळेच्या फाटकाशी होती आणि शिपाई काचेवर टकटक करत होता.

अभिजीत आत झोपला आहे. त्याच्या मोटरसायकलचं कव्हर मी हल्ली काढूनच ठेवते; तिच्या दिव्यावर दव आहे, मी बघून आले. ते तसंच राहायचं असेल तर मला निघायला हवं. दोन डबे भरून ओट्यावर ठेवले आहेत. माझा घेतला नाही.

दिवे लावले. आज नाक्यापर्यंतही जावं लागणार नाही. आवाज फाटकाच्या आतच सुरू झाला आहे, किर्र किर्र, घाई नसलेला. समोर बघायला हवं.

पण माझी नजर वरच्या आरशात आहे. सहाला निघणारी निहारिका आज गेलेली नाही; मागे पोर्चमध्ये तिची गाडी उभी आहे, कोरडी. तिच्या दोन्ही दिव्यांवर खाकी पिशव्या चढवलेल्या आहेत, नाड्यांच्या गाठी घट्ट. माळ्यावर चढून तिने त्या कधी शोधल्या कोण जाणे. खिडकीत ती उभी आहे, स्वयंपाकघरातला दिवा न लावता, मी उभी राहायचे तिथेच.

मला भीती वाटते आहे. पण भीतीच्याही आधी पोटात पेटलं ते तेच, जुनं. त्या पिशव्या बापूंनी माझ्या दिव्यांच्या मापाने शिवल्या होत्या. तिच्या दिव्यांना त्या सैल होतात.